श्रीलंकेचे मळेकरी तमिळ : नागरिकत्व मिळाले, जमीन नाही

नुवारा एलिया (श्रीलंका) : श्रीलंकेच्या जनगणनेत तमिळांची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत होत आली आहे. एक 'श्रीलंकन तमिळ' आणि दुसरा 'भारतीय तमिळ'. पहिला समाज जाफना आणि पूर्व किनाऱ्यावर शतकानुशतके राहत आला आहे. भारतीय वृत्तपत्रांत 'श्रीलंकेचा तमिळ प्रश्न' म्हणून जे छापून येते, ते बहुतेक त्याच्याचबद्दल असते. दुसरा समाज मध्य श्रीलंकेच्या डोंगरांतल्या चहामळ्यांवर राबणारा. आज तो स्वतःला 'मलैयहा', म्हणजे डोंगराळ प्रदेशातले तमिळ, म्हणवतो. त्याने बंदूक उचलली नाही की वेगळे राज्य मागितले नाही. तरीही स्वतंत्र श्रीलंकेने सर्वांत आधी ज्यांचे नागरिकत्व हिरावले ते हेच लोक.

हा समाज बेटावर आला १८२० च्या दशकापासून. इंग्रजांनी कँडीच्या डोंगरांत कॉफी लावली. आसपासचे सिंहली शेतकरी आपली शेती सोडून मळ्यावर मजुरीला यायला तयार नव्हते. मग तिरुचिरापल्ली, मदुराई, तंजावर, सेलम, रामनाथपुरम या भागांतून दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेली माणसे आणली गेली. त्यांत दलित जातींतले लोक फार मोठ्या संख्येने होते. सामुद्रधुनी ओलांडून तलैमन्नारला उतरायचे आणि तिथून जंगलातून मातळेपर्यंत चालत जायचे. या वाटेवर कॉलऱ्याने आणि हिवतापाने किती माणसे गेली, त्याची धड नोंदही कोणी ठेवली नाही. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा पडला, काही वर्षांत ते पीक संपले आणि त्याची जागा चहाने घेतली. कॉफीच्या हंगामापुरती येणारी माणसे चहाला वर्षभर लागू लागली आणि कायमची राहिली.

मजूर आणणारा मुकादम म्हणजे 'कंगाणी'. तो गावातच उचल देई. प्रवासखर्च, तांदूळ, कांबळे, सारे त्या उचलीत मांडले जाई. मळा सोडायचा तर मजुराच्या नावावर किती कर्ज आहे हे लिहिलेली 'तुंडू' नावाची चिठ्ठी घ्यावी लागे. ती रक्कम नवा मळेवाला भरी आणि कर्जासकट माणूस त्याच्याकडे जाई. चिठ्ठी नसेल तर दुसऱ्या मळ्यावर कामच मिळत नसे. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९२१ साल उजाडले.

१९४६ च्या जनगणनेत या लोकांची संख्या सुमारे ७ लाख ८० हजार होती, म्हणजे लोकसंख्येच्या ११.७ टक्के, जाफना आणि पूर्वेकडच्या तमिळांपेक्षाही जास्त. १९४७ च्या निवडणुकीत त्यांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे (सिलोन हे श्रीलंकेचे तेव्हाचे नाव) काही उमेदवार निवडून आले. शिवाय इतर अनेक मतदारसंघांत मळेकऱ्यांच्या मतांनी डाव्या पक्षांना बळ दिले. पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारला हे खुपले. स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते तोच १९४८ चा नागरिकत्व कायदा आला.

या कायद्यात कुठल्याही वंशाचे किंवा भाषेचे नाव नाही आणि हेच त्यातले कौशल्य. बाप सिलोनमध्ये जन्मलेला असावा, नाहीतर आजा आणि पणजा दोघे तिथले असावेत आणि तसे सिद्ध करता यावे, एवढीच अट. सिंहली शेतकऱ्याकडेही असे कागद क्वचितच असत, पण त्याच्याकडे ते कोणी मागत नव्हते. मळ्यावरच्या माणसाकडे मात्र हटकून मागितले जात. मळ्यावरच्या कित्येक बायका बाळंतपणाला तमिळनाडूतल्या माहेरी जात, त्यामुळे तीन पिढ्या डोंगरात राबलेल्या घरातही एखाद्याचा जन्म समुद्रापलीकडचा निघे. १९४९ मध्ये भारतीय आणि पाकिस्तानी रहिवाशांसाठी वेगळा कायदा करून सलग वास्तव्याच्या आणि उत्पन्नाच्या अटींवर अर्जाची वाट ठेवण्यात आली. सुमारे सव्वाआठ लाख लोकांसाठी अर्ज झाले. मंजूर झाले ते जेमतेम १ लाख ३४ हजारांसाठी. त्याच वर्षी निवडणूक कायदा बदलला आणि नागरिक नसलेल्यांची नावे मतदारयाद्यांतून गेली.

मतदारसंघ आखताना मात्र ही माणसे लोकसंख्येत धरली जात राहिली. त्यांच्या संख्येमुळे डोंगराळ भागाला जादा जागा मिळाल्या. त्या जागांसाठी मत देत होता तो मळ्याबाहेरचा सिंहली मतदार. १९५२ मध्ये या समाजाचा एकही प्रतिनिधी निवडून आला नाही. १९४७ साली नुवारा एलियातून जिंकलेले या समाजाचे पुढारी सौम्यमूर्ती तोंडमान निवडणुकीने पुन्हा संसदेत पोचले ते थेट १९७७ मध्ये. जाफन्याच्या तमिळ पुढाऱ्यांतही या प्रश्नावर फूट पडली. जी. जी. पोन्नम्बलम सरकारात मंत्री झाले, एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी त्यांची साथ सोडून १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला.

भारताची भूमिकाही स्वच्छ म्हणता येणार नाही. ही माणसे सिलोनचीच आहेत, हे नेहरूंनी शेवटपर्यंत धरून ठेवले. त्यांच्यानंतर पाच महिन्यांतच, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. ९ लाख ७५ हजार राष्ट्रहीन माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने. उरलेल्या दीड लाखांचा निवाडा १९७४ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात निम्मे-निम्मे करून झाला. ज्यांची अशी वाटणी झाली त्या माणसांना कोणी विचारले नाही. तोंडमानांचा विरोध कागदावरच राहिला. तलैमन्नारच्या बोटीने लाखो लोक भारतात आले. ज्या गावांतून पणजोबा निघाले होते तिथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. त्यांतले बरेच जण निलगिरीत, गुडलूर-कोटगिरीच्या बाजूला, पुन्हा चहाच्याच मळ्यांवर लागले.

मागे राहिलेल्यांचे दिवस वाईटच होते. १९७५ मध्ये कंपन्यांचे मळे सरकारने ताब्यात घेतले. त्याच सुमारास अन्नटंचाई आली आणि खायला दुसरे साधन नसलेल्या मळ्यांवर भूकबळी पडले. १९७७, १९८१ आणि १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींत डोंगरातल्या तमिळांची घरेही जळाली. काही उत्तरेला वव्हुनियाकडे पळाले, काही भारतात निर्वासित म्हणून आले. त्यांची पुढची पिढी आजही तमिळनाडूच्या छावण्यांत आहे आणि भारताच्या २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचे नाव नाही.

१९८३ नंतर बोटी बंद झाल्या आणि १९६४ चा करार अर्धवट राहिला. मळेकऱ्यांच्या संघटनांचा दबाव आणि त्यांच्या मतांची सर्वच पक्षांना वाटू लागलेली गरज यांमुळे १९८६ आणि १९८८ मध्ये नागरिकत्वाची दारे उघडली. अखेर ऑक्टोबर २००३ मध्ये संसदेने एकमताने कायदा केला. उरलेल्या सुमारे १ लाख ६८ हजार जणांना साध्या अर्जावर नागरिकत्व मिळाले. पंचावन्न वर्षांनी कागदाचा प्रश्न मिटला.

मिटला नाही तो घराचा. मळ्यावरच्या 'लाइन' म्हणजे चाळीसारख्या लांबलचक रांगा. दहा बाय बाराची एक खोली, पुढे अरुंद ओटा, मागे धुराने काळा पडलेला स्वयंपाकाचा कोपरा, आणि त्यात तीन पिढ्या. कित्येक लाइनी इंग्रजांच्या काळातल्या आहेत. त्या मळ्याच्या मालकीच्या, म्हणून घराला स्वतःचा पत्ता नाही. टपाल मळ्याच्या कचेरीत येते आणि तिथून सवडीने वाटले जाते. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र तारीख उलटून गेल्यावर हाती पडते. मळा खासगी मालमत्ता धरला जात असल्याने स्थानिक परिषदांना तिथल्या रस्त्यावर पैसा खर्च करता येत नसे. ज्या परिषदेला मत दिले तिच्याकडून साधी वाट मिळण्यासाठी २०१८ ची कायदादुरुस्ती लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये बदुल्ला जिल्ह्यातल्या मीरियबेद्दा मळ्यावर दरड कोसळून लाइनी माणसांसकट गाडल्या गेल्या. हा उतार धोक्याचा आहे असे इशारे आधीच दिलेले होते. पण ज्यांच्याकडे दुसरी वीतभर जमीन नाही, ती माणसे उठून जाणार कुठे?

पानखुडणी बहुतेक बायकाच करतात. दिवसाला साधारण १८ किलो पाने वजनकाट्यावर भरली नाहीत तर अर्धी हजेरी लागते. ओल्या पानांचे आणि पोत्याचे म्हणून वजनातून जी कपात होते, तिच्यावरून काट्यापाशी रोज तंटे होतात. रोजची मजुरी हजार श्रीलंकन रुपये व्हावी यासाठी कित्येक वर्षे आंदोलन चालले. वेतन मंडळाने २०२१ मध्ये तो दर ठरवला तेव्हा मळेकंपन्या न्यायालयात गेल्या. पुढच्याच वर्षीच्या आर्थिक संकटात त्या हजाराचे मोल झपाट्याने उतरले. तरुण मुले कोलंबोच्या दुकानांत आणि हॉटेलांत कामाला जातात, त्यामागे अपुरी मजुरी हेही एक कारण आहे.

भारत सरकारच्या मदतीने मळ्यांवर सात पर्च, म्हणजे सुमारे १९०० चौरस फूट, जागेवर स्वतंत्र घरे उभी राहत आहेत. आधी ४,००० घरांची योजना होती. मे २०१७ मध्ये नॉरवूड इथल्या सभेत नरेंद्र मोदींनी आणखी १०,००० घरे जाहीर केली. ज्यांना ती मिळाली त्यांचे जिणे बदलले, पण गरजेच्या मानाने हा आकडा थोडा आहे. २०२३ मध्ये पूर्वजांच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली. तेव्हा या समाजाचे लोक आणि त्यांचे सिंहली, मुस्लिम साथीदार तलैमन्नारहून मातळेपर्यंत पायी गेले. त्यांच्या मागणीपत्रात जगण्यापुरती मजुरी, सरकारी सेवांत समान वाटा आणि कारभारात तमिळ भाषेला बरोबरीचे स्थान या गोष्टी होत्या. राहण्याची आणि कसण्याची जमीन स्वतःच्या नावावर व्हावी, हीही त्यांतलीच एक मागणी.