घरट्यातला साप

गुजरातमधल्या धोली डुंगरी गावाजवळ 1984 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना एका दगडात डायनोसॉरची अंडी आणि शेजारी नाजूक हाडे सापडली. ती हाडे सगळी डायनोसॉरच्या पिल्लाचीच, असा तेव्हा समज झाला. 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड निरखून पाहिला. काही मणके वेगळेच होते: एकमेकांत जादा सांध्यांनी अडकलेले. अशी खुंटी-खोबणीची जुळणी सापाची!

मग भारतीय आणि अमेरिकी संशोधक मिळून त्या जागी गेले, थरांचा अभ्यास झाला, दगड बारकाईने साफ केला गेला. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आला. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून होता आणि जवळच जेमतेम अर्ध्या मीटरचे डायनोसॉरचे पिल्लू. सनाजेह असे नाव दिलेल्या या सापाचे तोंड आजच्या अजगरासारखे फाकत नसे. त्यामुळे अख्खे अंडे त्याला गिळता आले नसते. नुकती बाहेर आलेली पिल्ले मात्र आवाक्यात होती. साप घरट्यात असतानाच वाळू-चिखलाचा लोंढा आला असावा. सुमारे 6.7 कोटी वर्षांपूर्वीची शिकार इतकी स्पष्ट दिसणे फारच दुर्मीळ.