‘हरित’ या विशेषणाचा भार : वाहनांसाठी हायड्रोजन आणि शासकीय धोरण

‘हरित हायड्रोजन’ हा शब्दप्रयोग आपण वृत्तपत्रांत वाचला असेल. हायड्रोजन हा वायू तर रंगहीन आहे. मग तो ‘हरित’ कसा? येथे विशेषण वायूचा गुण सांगत नाही. तो कोणत्या रीतीने तयार झाला, हे सांगते.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण होते. तिच्यावर वाहन चालते आणि बाहेर पडते ते केवळ पाणी. (‘उद्जन’ हा जुना प्रतिशब्द पाण्याशी असलेले हे नाते नेमके दाखवत होता, तो रुजला नाही, याची मला खंत वाटते.) परंतु हा वायू निसर्गात मुक्त स्वरूपात फारसा आढळत नाही, तो मिळवावा लागतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळवतात आणि त्यात एक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे अशी बस रस्त्यावर निर्धूर असली, तरी तिच्या वाट्याचा धूर कारखान्यात आधीच निघालेला असतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आहे. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. मार्च २०२५ मध्ये वाहतुकीचे पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले. त्यांत बस व ट्रक मिळून ३७ वाहने आणि नऊ इंधनभरण केंद्रे असून पुणे-मुंबई हाही एक मार्ग आहे. ३७ पैकी २२ वाहनांत फ्युएल सेल नाही. त्यांच्या इंजिनात हायड्रोजन थेट जाळला जातो.

मोटारी वगळून अवजड वाहनांची केलेली निवड मला योग्य वाटते. पाण्याचे विद्युत अपघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास पन्नासहून अधिक युनिट वीज लागते. फ्युएल सेलमधून तिच्यातील साधारण एक तृतीयांशच परत मिळते. लहान मोटारीला त्यापेक्षा बॅटरी परवडते.

आता पुन्हा विशेषणाकडे वळू. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने ‘हरित’ची व्याख्या निश्चित केली : एक किलो हायड्रोजनमागे, बारा महिन्यांच्या सरासरीने, जास्तीत जास्त दोन किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन. या मोजणीत पाण्याच्या शुद्धीकरणापासून वायू दाबून भरण्यापर्यंतच्या क्रिया येतात. कारखान्याच्या दाराबाहेर पडून टँकरने पंपापर्यंत होणारा प्रवास मात्र तीत येत नाही.