आधी ब्रेक, मग इंजिन

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील कामगारांच्या हातची फियाट अकराशे, किंवा पुढे पद्मिनी नावाने आलेली तीच गाडी, आपल्या अहेरीत कुणाच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असते. ती बाहेर काढताना आपण सारे एकच चूक करतो. आधी बॅटरी जोडतो. इंजिन धडधडले की टाळ्या पडतात. पण गाडी चालविणे सोपे, थांबविणे अवघड.

म्हणून आरंभ ब्रेकपासून करावा. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, आणि प्राणहितेकाठच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. त्या पाण्याने चाकांजवळचे सिलिंडर आतून गंजतात. शिवाय या गाड्यांत चारही चाकांना तेलाची वाट एकच. एका ठिकाणी गळती लागली की सगळेच ब्रेक जातात. तेव्हा रबरे, नळ्या, तेल सारे नवे घालावे.

मग टाकीतील जुने, चिकट झालेले पेट्रोल काढून टाकावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे व इंजिन हाताने फिरवून पाहावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वयाने रबर मरते. शेवटी कागदपत्रे : 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीवाचून होत नाही.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो : घाई मालकाची असते, जोखीम चालकाची. मिस्त्री 'अजून नाही' म्हणाला, तर थांबावे. आणि त्या नकाराचीही मजुरी द्यावी.