चौथ्या घरातल्या पेशी

निवृत्त झाल्यावर पुन्हा अ‍ॅप्रन चढवावा लागेल असं वाटलं नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मूळपेशींपासून हृदयस्नायूच्या पेशी तयार करते. तिचा फोन आला. "मॅडम, तुम्ही आम्हाला अंड्याला खिडकी पाडून कोंबडीच्या गर्भाचं हृदय दाखवलं होतंत, आता मी तुम्हाला प्लेटमधलं दाखवते. पण येणार असाल तर डे झिरोपासून या. धडधडताना बघायला सगळेच येतात."

डे झिरोला सकाळी पोचले. थंडगार खोली, स्पिरिटचा वास, हूडची एकसुरी घरघर. समोर बारा घरांची प्लास्टिकची प्लेट. प्रत्येक घराच्या तळाला जेलचा पातळ थर आणि त्यावर पेशी इतक्या दाटीने बसलेल्या, की सूक्ष्मदर्शकाखाली फरसबंदी केल्यासारखं दिसावं. या पेशी कुठल्याही गर्भातून काढलेल्या नव्हत्या. एका प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पेशी मागे नेऊन त्या केलेल्या होत्या. २००६ साली क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना गर्भावस्थेसारख्या कोऱ्या स्थितीत आणलं. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधलं आणि २०१२ मध्ये यामानाकांना नोबेल मिळालं. वर्गात हे मी शिकवलं होतं. पेशी बघितल्या त्या आत्ता.

तिने पहिलं रसायन घातलं, सीएचआयआर ९९०२१. झाकणावर मार्करने वेळ लिहिली, ११.२०. "उद्या ११.२०ला हे काढायचं. त्या वेळी मला भूकंप झाला तरी चालणार नाही."

रसायन काय करतं ते सांगायला हवं. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत बनतं आणि सतत मोडीत निघतं. मोडीत काढायची खूण त्याच्यावर करणारं एक एन्झाइम असतं, जीएसके-३. सीएचआयआर त्याचे हात बांधतं. मग बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि ब्रॅक्युरी हे जनुक जागं होतं. आता या पेशी गर्भाच्या मधल्या थराच्या वाटेला लागल्या. स्नायू, रक्त, मूत्रपिंड, हृदय, सगळं याच थरातलं. म्हणजे हृदय अजून ठरलेलं नाही, फक्त मेंदू आणि आतडं यांचा रस्ता मागे पडला आहे.

एरवी हाच निरोप पेशीला बाहेरून मिळतो, वंट नावाच्या प्रथिनाकडून. या नावात एक भारतीय धागा आहे आणि तो आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता, याचा मला अजून राग येतो. १९७६ साली आर. पी. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी पंख नसलेल्या फळमाशीवर निबंध प्रसिद्ध केला. त्या दोषाचं नाव विंगलेस. पुढे उंदरात कॅन्सरशी संबंधित इंट-१ हे जनुक सापडलं आणि ते विंगलेसचंच भावंड निघालं. दोन्ही नावं जोडून वंट झालं. फळमाशीचे पंख आणि माझ्या समोरच्या प्लेटमधलं हृदय एकाच निरोपावर चालतात.

दुसऱ्या दिवशी मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, बदलताना मी दचकले. मेलेल्या पेशींचा गढूळ थर वर तरंगत होता. ती शांतपणे म्हणाली, "असंच होतं. घाबरून प्लेट टाकून देणारे पहिल्या वर्षाचे असतात."

डे थ्रीला खरी गंमत. आता दुसरं रसायन, आयडब्ल्यूपी-२. ते पेशींचं स्वतःचं वंट बाहेर पडूच देत नाही. तीन दिवसांपूर्वी जो निरोप मुद्दाम दिला, तोच आता बंद करायचा! कोंबडीच्या गर्भात हे २००१ साली दिसलं होतं: वंट अडवलं तर जिथे एरवी रक्त व्हायचं तिथेही हृदयाच्या पेशी होऊ लागतात. त्या ज्ञानावर विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या शॉन पालेसेक यांच्या गटाने २०१२ मध्ये ही दोन रसायनांची पद्धत बसवली. विरजण लावणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. तेच दूध, तेच विरजण, पण दूध जास्त गरम असताना लावलं तर दही होत नाही.

मी विचारलं, "हे दुसरं घातलंच नाही तर?" तिने काही न बोलता चौथं घर सोडून बाकीच्या घरांत रसायन घातलं.

पुढचे चार-पाच दिवस बाहेरून बघण्यासारखं काही नव्हतं. आत मात्र लगबग होती. एमइएसपी-१ हे जनुक अगदी थोडा वेळ जागं होतं, पुढच्यांना उठवतं आणि स्वतः गप्प होतं. मग एनकेएक्स २-५, गाटा-४, टीबीएक्स-५ येतात. यांची प्रथिनं डीएनएवर शेजारी-शेजारी बसतात, एकमेकांची जनुकं चालू ठेवतात आणि ट्रोपोनिन, मायोसिन अशा आकुंचनाच्या यंत्रणेची जनुकं उघडतात. त्याच वेळी पेशीला कोरं ठेवणारी ऑक्ट-४ आणि नॅनॉग बंद पडतात. तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं, "जनुक आज्ञा देते, पेशी पाळते." ते वाक्य आता खोडायला हवं. इथे आज्ञा देणारा कुणी एक नव्हताच. प्रत्येकाला दुसऱ्याने उठवलं होतं.

एनकेएक्स २-५च्या माशीतल्या जोडीदार जनुकाचं हृदयातलं काम १९९३ मध्ये कळलं. ते जनुक नसलेल्या माशीच्या गर्भात हृदयच बनत नाही, म्हणून ओझच्या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून त्याला टिनमन म्हणतात. माणसात या जनुकाची एक प्रत बिघडली तरी हृदयाच्या पडद्याला छिद्र राहू शकतं. टीबीएक्स-५ बिघडलं तर हृदयाबरोबर हाताच्या हाडांतही दोष येतो. तेच जनुक दोन्हीकडे काम करतं.

नवव्या दिवशी सकाळी तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. आधी काही दिसलं नाही. एक जाळीदार पट्टा, मध्ये मोकळ्या जागा. मग पट्ट्याचा एक कोपरा ओढल्यासारखा हलला. थांबला. पुन्हा हलला. जरा पलीकडे दुसरा तुकडा स्वतःच्या वेगळ्या तालात चालला होता. बाराव्या दिवशी आले तेव्हा दोघांमध्ये पेशींचा पूल झाला होता आणि ताल एक झाला होता. तो पूल मी किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही.

ती मात्र हुरळत नाही. "मॅडम, धडधड म्हणजे पास नाही. ट्रोपोनिन रंगवून मोजल्याशिवाय मी किती टक्के ते बोलणार नाही." मोजण्याआधीची चाळणीही मजेची आहे. मीडियातली साखर काढून लॅक्टेट द्यायचं. हृदयपेशी लॅक्टेटवर जगतात, बाकीच्या बहुतेक उपाशी मरतात.

आणि मग तिने माझ्या आनंदात खडा टाकला. प्रौढ माणसाच्या हृदयकप्प्यातली स्नायूपेशी वेगळी काढून ठेवली तर ती आपली आपण धडधडत बसत नाही, ती इशाऱ्याची वाट बघते. या प्लेटमधल्या स्वतःहून धडधडतात, कारण त्या गर्भातल्या पेशींसारख्या कच्च्या आहेत. त्यांना पिकवायचं कसं, हे या क्षेत्रातलं आजचं मोठं काम.

तरीही त्या लागतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की एमवायबीपीसी-३ या हृदयस्नायूच्या जनुकातली २५ अक्षरं गाळलेली प्रत भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असते, आणि हृदयस्नायूच्या आजाराचा धोका तिने वाढतो. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा अभ्यासाला कोण देणार? रक्त देतात.

निघताना मी चौथं घर बघायला मागितलं. पेशी तिथेही जिवंत होत्या, दाट वाढलेल्या. पंधराव्या दिवसापर्यंत त्यात काहीही हललेलं नव्हतं.