मेयोनेझसाठी तेलाची निवड

अंड्याचा बलक, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, थोडे मीठ व पुष्कळसे तेल एकत्र फेटून जो घट्ट, पिवळसर पदार्थ तयार होतो त्यास मेयोनेझ म्हणतात. हा मूळचा फ्रेंच पाकशाळेतील पदार्थ. आता आपल्याकडील अनेक शहरी घरांतही तो केला जातो. घरी करणाऱ्याचे लक्ष बहुधा अंड्याकडे असते. वास्तविक या पदार्थाचा सुमारे दोनतृतीयांश ते चारपंचमांश भाग तेलाचाच असतो. शिवाय तळणातील तेलाप्रमाणे हे तेल तापविले जात नाही. म्हणून बाटलीत जो वास व जी चव असेल, तीच जशीच्या तशी जिभेवर येते.

तेल व पाणी एकजीव होत नाहीत हे सर्वांस ठाऊक आहे. फेटल्याने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि बलकातील व लिंबाच्या रसातील थोड्याशा पाण्यात विखुरतात. अशा मिश्रणास पायस म्हणतात. दूध हेही पायसच होय. बलकातील लेसिथिनच्या रेणूचे एक टोक तेलाकडे व दुसरे पाण्याकडे ओढ घेते. हे रेणू आणि बलकातील प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती पातळ कवच धरतात, त्यामुळे थेंब परस्परांत विलीन होत नाहीत. सारख्या आकाराचे गोल कितीही दाटीने रचले तरी ते जागेचा ७४ टक्क्यांहून अधिक भाग व्यापू शकत नाहीत. मेयोनेझमधील तेल ही मर्यादाही ओलांडू शकते, कारण तेथील थेंब लहानमोठे असतात व एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात. पदार्थाचा घट्टपणा या दाटीतूनच येतो. तो फुटण्याचा धोकाही तिच्यातच आहे.

आता चवीचा विचार करू. बंगालमध्ये मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून मग वापरतात. त्याने तिखट झणका कमी होतो. मेयोनेझमध्ये ही सोय नाही. घाण्यावरच्या तिळाच्या वा शेंगदाण्याच्या तेलाचा वासही इतर सर्व चवींवर मात करतो. महागड्या, पहिल्या दाबाच्या ऑलिव्ह तेलाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ते मिक्सरमध्ये जोराने घुसळले तर मेयोनेझ कडवट होते. अशा वेळी पैसे अधिक खर्चून पदार्थ बिघडविल्यासारखे होते.

दुसरी कसोटी थंडीची. कच्च्या बलकात साल्मोनेला जंतू असण्याचा संभव असतो. याच भीतीने तेलंगण शासनाने २०२४ साली कच्च्या अंड्याच्या मेयोनेझवर एक वर्षाची बंदी घातली होती. तेल कितीही उत्तम असले तरी त्याने जंतू मरत नाहीत. शक्य तर पाश्चरीकृत अंडे घ्यावे, आणि मेयोनेझ शीतकपाटातच ठेवावे. म्हणजेच ज्या तेलास थंडी सोसत नाही ते येथे निरुपयोगी. केरळात घरोघरी असलेले खोबरेल सुमारे २५ अंश सेल्सिअसखालीच थिजू लागते. ऑलिव्ह व शेंगदाण्याचे तेलही शीतकपाटात गढूळ होते. थिजताना तेलात जे स्फटिक वाढतात ते थेंबांची कवचे भेदतात, आणि बाहेर काढून ऊब लागताच तेल वेगळे होऊन वर तरंगते.

सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे रिफाइंड तेल या दोन्ही कसोट्यांस उतरते. शुद्धीकरणात त्याचा वास व रंग बराचसा जातो. सूर्यफुलाच्या तेलातील मेणही थंड करून गाळून टाकतात. मात्र अशी तेले हवेने व उजेडाने खवट होतात, म्हणून नुकतीच उघडलेली बाटली घ्यावी. एरवी भाजीच्या फोडणीत लपणारा खवटपणा येथे लपत नाही.

घरातील तेल योग्य आहे की नाही हे पाहणे सोपे आहे. थोडे तेल काचेच्या कुपीत घालून रात्रभर शीतकपाटात ठेवावे. सकाळी ते स्वच्छ व प्रवाही असले तर खुशाल वापरावे. मोहरीच्या वा ऑलिव्हच्या तेलाची चव हवीच असेल, तर मेयोनेझ रिफाइंड तेलात करून शेवटी त्या तेलाचा एखादा चमचा हाताने हलकेच मिसळावा.