चाकणची धूळ आणि दीडशे अश्वशक्ती

जरा दमदार इंजिनची गाडी दारात आली की हौशी मालकाचा हात सगळ्यात आधी एअर फिल्टरकडे वळतो. बोनेट उघडायचे, डब्याचे स्क्रू काढायचे, कंपनीचा कागदी फिल्टर बाजूला ठेवायचा आणि त्याच जागी त्याच मापाचा सुती किंवा फोमचा फिल्टर बसवायचा. कुठे काही कापायचे नाही, वायरिंगला हात लावायचा नाही. पटले नाही तर जुना परत बसवता येतो. यालाच ड्रॉप-इन फिल्टर म्हणतात. खोक्यावर जास्त हवा आणि जास्त पॉवर असे ठळक छापलेले असते. धुळीचे काय, हे मात्र बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. माझ्या मते निवड त्या बारीक अक्षरांवरून करायची असते.

चाकणच्या कारखान्यात बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी उदाहरणाला घेऊ. दीड लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 150 पीएस, 250 न्यूटन-मीटर. पेट्रोल नीट जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. लिटरला 15 किलोमीटर धरले, तर 10,000 किलोमीटरमध्ये या इंजिनातून साठ लाख लिटर हवा जाते. एक्सलरेटर पूर्ण दाबून इंजिन ताणले, तर सेकंदाला शंभरेक लिटर. आणि ही हवा कुठली? चाकण-तळेगाव रस्त्यावर डंपरच्या मागे अडकलेल्या गाडीची, खडीच्या भुकटीची. गोव्यात खाणपट्ट्याजवळ राहत असाल तर लाल मातीची.

त्यातले मोठे कण कुठलाही फिल्टर अडवतो. भीती असते ती 5 ते 20 मायक्रॉनच्या कणांची. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामधला तेलाचा थर साधारण याच जाडीचा, त्यामुळे हा कण नेमका तिथे शिरतो आणि दोन्हीकडचा धातू घासत राहतो. टर्बोची गोष्ट वेगळी. लहान टर्बोचे पाते मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेते. त्या वेगात धूळ पात्याची कडा हळूहळू खाते. यातले काहीही पहिल्या वर्षी जाणवत नाही. जाणवते तेव्हा गाडी तेल प्यायला लागलेली असते.

आता पॉवरचे बघू. स्वच्छ कागदी फिल्टर आणि त्याचा डबा मिळून पूर्ण जोरावर हवेला जो अडथळा करतात, तो सहसा एक-दोन किलोपास्कल. वातावरणाचा दाब 101. समजा फिल्टर काढूनच टाकला, तरी साध्या इंजिनला मिळणार एक-दोन टक्के. याच्या तुलनेत पुण्याहून महाबळेश्वरला चढताना काय होते पाहा. साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने पंधरा टक्क्यांनी कमी असतो. बिनटर्बोची गाडी घाटात मलूल वाटते ती यामुळे, आणि त्यावर कुठल्याच फिल्टरचा इलाज चालत नाही. टर्बो गाडीत तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, मॅनिफोल्डमध्ये ठराविक दाब हवा असतो. फिल्टरपाशी किंचित कमी पडले तर तो वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वळसा देणारी झडप, थोडी मिटतो, टर्बो थोडा जास्त फिरतो आणि हिशेब जुळतो. म्हणून मूळ ट्यूनिंगच्या टर्बो गाडीत फिल्टर बदलून डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, जो दोन-तीन बीएचपीचा फरक दाखवतात, तो मला ग्राह्य वाटत नाही. तीच गाडी, तोच फिल्टर, लागोपाठ दोन रन घेतले तरी एवढा फरक सहज येतो.

मायलेजबद्दलही तेच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली मुद्दाम फिल्टर तुंबवून आधुनिक पेट्रोल गाड्या तपासल्या. पिकअप घटला, पण मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. शहरात चालवताना थ्रॉटल बहुतेक वेळ अर्धवट मिटलेलाच असतो, आणि हवेला खरा अडथळा त्याचाच असतो.

मग हा फिल्टर घ्यायचाच कशाला? गाडी रिमॅप केली असेल, म्हणजे ईसीयूचा प्रोग्राम बदलून पॉवर वाढवली असेल, तर कारण आहे. स्टेज वन, म्हणजे पहिल्या पातळीचे रिमॅप केलेले इंजिन पंचवीस-तीस टक्के जास्त हवा मागते, आणि प्रवाह वाढतो त्याहून वेगाने डब्यातला अडथळा वाढतो. टर्बो आधीच आपल्या मर्यादेजवळ फिरत असतो. तिथे वाचलेला एकेक किलोपास्कल मोलाचा. दुसरे कारण आवाज. टर्बोचा हवा ओढतानाचा सूं आवाज सुती फिल्टरमधून जास्त मोकळा ऐकू येतो. तो आवडतो म्हणून पैसे मोजले, तर त्यात गैर काही नाही. आणि तिसरे म्हणजे धुऊन परत वापरता येतो.

एक मात्र करू नका: डबाच काढून उघडा कोन फिल्टर बसवणे. कंपनीचा डबा जाळीमागून, बाहेरची गार हवा ओढतो. उघडा कोन बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा दर तीन अंशांनी तापली की घनता सुमारे एक टक्का घटते. चंद्रपूरच्या मे महिन्यात सिग्नलला उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय होत असेल, याचा विचार करा.

फिल्टरचे पदार्थ मुख्यतः तीन. तेल लावलेली सुती जाळी ही कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एन कंपनीमुळे जगभर पसरली. इटलीची बीएमसीही याच पद्धतीची. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये सुती कापडाचे थर असतात आणि बारीक धूळ पकडायचे काम बरेचसे तेल करते. इंग्लंडच्या पायपरक्रॉसची ओळख फोमची. फोमच्या जाडीभर धूळ साठत जाते, म्हणून धुळीच्या रॅलीत तो आवडता. तिसरा प्रकार कोरड्या कृत्रिम धाग्यांचा, एएफईचा प्रो ड्राय एस त्यातला. त्याला तेल लागत नाही, त्यामुळे तेल जास्त होऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसण्याची धास्ती नाही. अनेक नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत तो तारेचा सेन्सर नसतो, दाबाचा असतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी विचारून घ्या.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: आयएसओ 5011 चाचणीत हा किती टक्के धूळ अडवतो, आणि चाचणी बारीक धुळीवर झाली की जाड? जाड धुळीवर कुठल्याही फिल्टरचा आकडा चांगला येतो. आणि टक्के वाचताना उलटीकडून वाचा. 99.5 आणि 97 शेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो, पण पहिला अर्धा टक्का धूळ आत सोडतो आणि दुसरा तीन टक्के. इंजिनात सहापट धूळ. चांगले कागदी फिल्टर या परीक्षेत 99 च्या वर असतात. आकडा मिळत नसेल तर तो फिल्टर मी घेणार नाही.

आकड्याइतकीच महत्त्वाची फिल्टरची कडा. पदार्थ कितीही उत्तम असला तरी रबरी कडेला केसाएवढी फट राहिली तर सगळी मेहनत वाया. नवा फिल्टर बसवण्याआधी कडेवरून बोट फिरवून पाहा: कुठे खळगा आहे का, कोपरा वाकला आहे का. तो डब्यात किंचित दाबून बसला पाहिजे, खुळखुळता कामा नये. झाकण सरळ बसले, स्क्रू सगळे लागले, हे स्वतः पाहा. हजारेक किलोमीटरनंतर झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात पांढरे कापड फिरवा. करड्या धुळीचा पट्टा आला तर फिल्टर किंवा त्याची बसवणी कुठेतरी चुकली आहे, आणि तो त्याच दिवशी काढायचा.

आपल्या गॅरेजांत सर्व्हिसिंगला "फिल्टरला हवा मारून देतो" म्हणतात. कृपया मारू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या झोतात कागदाचे तंतू फाटतात, घड्या उघडतात आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. शिवाय थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगला गाळतो, कारण बसलेला थरच पुढची धूळ अडवतो. उठसूट फिल्टर काढून झटकण्याने नुकसानच होते. कागदी असेल तर धुळीच्या रस्त्यांवर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला, काही शे रुपयांचा तर प्रश्न आहे.

सुती फिल्टर धुवायचा तर कंपनीचा क्लीनर मारून दहा मिनिटे मुरू द्या आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, नळाच्या हलक्या धारेने धुवा. सावलीत वाळवा, हेअर ड्रायर नको, ऊन नको. पूर्ण वाळल्यावरच प्रत्येक घडीवर तेलाची एक रेघ द्या, वीस मिनिटे थांबा, पांढरे डाग उरले तर तेवढ्यालाच पुन्हा. कोकणात किंवा मुंबईत हे काम जुलैत काढू नका, दोन दिवसांतही वाळत नाही. पावसाळ्याआधी उरकलेले बरे. वाळेपर्यंत गाडी चालवायची तर जुना कागदी फिल्टर जपून ठेवलेला हवा.

माझी निवड विचाराल तर मूळ ट्यूनिंगची गाडी रोज पुणे-चाकण करत असेल तिला कंपनीचा कागदी फिल्टर, लवकर लवकर बदलत. रिमॅप केलेली असेल तर कोरडा कृत्रिम धाग्याचा, चाचणीचा आकडा पाहून. सुती फिल्टर मी त्या मालकाला सुचवतो जो रविवारी सकाळी स्वतः तेल-क्लीनर घेऊन बसायला तयार आहे आणि ज्याची गाडी बहुतेक डांबरी रस्त्यावरच धावते.