डीपी जळाली की कळतं

पावसाळ्यात वेल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पासली-केळदकडे लाइट गेली की लोक आधी विचारतात, 'कशानं गेली?' कारण ती कधी येणार याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. फ्यूज उडाला असेल तर वायरमनचा फोन लागेपर्यंतचाच वेळ. तार तुटली असेल तर काम उद्यावर गेलं. खांब आडवा झाला असेल तर चिखलातून नवा खांब ओढून न्यायला माणसं जमवावी लागतात. आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली असेल तर सगळेच गप्प होतात. पिठाची गिरणी, नळपाणी योजनेचा पंप, मोबाइलचं चार्जिंग, सगळं एकाच प्रश्नावर अडकतं: नवी डीपी कधी मिळणार? (सरकारदरबारी तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच.)

युक्रेनचं युद्ध समजून घ्यायलाही हाच हिशेब लागतो. आवाज किती मोठा झाला, ज्वाळा किती उंच गेल्या, यापेक्षा काय जळलं आणि ते परत बसवायला किती दिवस लागतील हे महत्त्वाचं.

10 ऑक्टोबर 2022 रोजी रशियानं क्षेपणास्त्रं आणि इराणी बनावटीच्या 'शाहेद' ड्रोननी युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर मोठ्या हल्ल्यांची मालिका सुरू केली. पहिल्या हिवाळ्यात बरेचसे हल्ले वीज तयार करणाऱ्या केंद्रांवर नव्हते, उपकेंद्रांवर होते; आणि उपकेंद्रातही नेम होता तो ट्रान्सफॉर्मरवर. कारण साधं आहे. आपल्या गावातली डीपी चार माणसं आणि एक ट्रॅक्टर लावून बदलता येते. वीजजाळ्यातला मोठा ट्रान्सफॉर्मर दोनशे टनांच्या पुढे जातो, आत हजारो लिटर तेल असतं, आणि तो दुकानात तयार मिळत नाही. मागणी नोंदवल्यावर बनतो, त्याला वर्ष सहज लागतं, कधी त्याहून जास्त. त्यात युक्रेनचं जाळं सोव्हिएत काळातलं, 750 आणि 330 किलोव्होल्टचं. युरोपात सर्रास 400 किलोव्होल्ट चालतं. त्यामुळे शेजाऱ्यानं मनावर घेतलं तरी आपल्या गोदामातला ट्रान्सफॉर्मर उचलून देता येत नव्हता.

तरीही ते जाळं पूर्ण कोसळलं नाही. एक कारण असं, की 24 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे आक्रमणाच्या दिवशीच पहाटे, युक्रेननं चाचणी म्हणून रशिया-बेलारूसच्या जाळ्यापासून स्वतःला तोडलं होतं. ते परत जोडलंच गेलं नाही. 16 मार्चला युक्रेन थेट युरोपच्या जाळ्याला जोडला गेला. दुसरं कारण ट्रान्सफॉर्मरभोवतीची तटबंदी. दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या आणि वाळूच्या गोण्या उडणाऱ्या तुकड्यांना अडवतात. वरून-बाजूनं काँक्रीटचं कवच घातलं तर ड्रोनही अडतो. थेट क्षेपणास्त्रापुढे मात्र यातलं काही टिकत नाही. 2024 च्या वसंतात रशियानं पवित्रा बदलला आणि निर्मिती केंद्रांवरच मारा केला. 22 मार्चला नीपर नदीवरच्या जलविद्युत केंद्रावर हल्ला झाला, 11 एप्रिलला कीव्हजवळचं त्रिपिल्स्का औष्णिक केंद्र नष्ट झालं. ट्रान्सफॉर्मर वर्षभरानं का होईना येतो. केंद्र उभं करायला कित्येक वर्षं जातात.

युक्रेननंही हेच शस्त्र उलट फिरवलं. त्याचे लांब पल्ल्याचे ड्रोन हजार किलोमीटरच्या पलीकडे जाऊन रशियाचे तेलशुद्धीकरण कारखाने गाठू लागले. आणि इथेच वाचक फसतो. तेलाची टाकी पेटली की काळ्या धुराचा लोट उठतो, फोटो पहिल्या पानावर येतो. पण टाकी म्हणजे शेवटी पत्र्याचं भांडं. शेजारच्या टाक्यांवर काम चालू राहतं. कच्चं तेल तापवून त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वेगळं करणारा जो उंच मनोरा असतो, त्याला भोक पडलं तर फोटोत फारसं काही दिसत नाही आणि कारखाना मात्र आठवडेच्या आठवडे बंद राहतो. सौदी अरेबियातल्या अबकैकवर 14 सप्टेंबर 2019 ला हल्ला झाला तेव्हा नेम टाक्यांपेक्षा तेलावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणेवर होता. एका सकाळी देशाचं निम्मं उत्पादन थांबलं.

हे सगळं कळतं कसं? बरंचसं उपग्रहावरून. अमेरिकेच्या नासाची 'फर्म्स' ही सेवा जगातल्या कुठल्याही जागेवरची असाधारण उष्णता नकाशावर ठिपक्यानं दाखवते, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. युद्ध अभ्यासणारे लोक हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी आधी हेच ठिपके बघतात. पण एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटर लांब-रुंद तुकडा. त्यात टाकी जळते आहे की मनोरा, हे तो सांगत नाही. उन्हाळ्यात हाच नकाशा आपल्या भागावर आणून बघावा. तोरणा-राजगडाच्या उतारावर, भोरच्या डोंगरात वणवे लागले की तिथेही तसेच लाल ठिपके उमटतात. कुणा परक्यानं ते पाहून 'पुणे जिल्ह्यात हल्ले' असं लिहिलं तर आपण हसू. आपणही दुसऱ्याच्या देशाबद्दल तितक्याच झटपट निष्कर्षाला येतो, हे मात्र विसरतो. मे 2025 मधल्या एका रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं होतं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं.

कराचीवर खरा घाव पडला होता तो डिसेंबर 1971 मध्ये. 8 डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या 'विनाश' या क्षेपणास्त्र नौकेनं चार क्षेपणास्त्रं सोडली आणि केमाडीच्या तेलटाक्या पेटल्या. त्याही आधी, आपल्याच सह्याद्रीत, विजेवर घाला घातला गेला होता तो बिनतोफेचा. 1942 च्या चळवळीत माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्यानं कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. टाटांची वीज घाटाखालच्या खोपोली, भिवपुरी, भिरा इथून मुंबईला जायची, तिच्यावर मुंबईच्या गिरण्या आणि युद्धसामग्रीचे कारखाने चालायचे. ब्रिटिशांच्या युद्धयंत्रणेचा कणा मुंबईत नाही, रानातल्या लोखंडी पायांवर उभा आहे, हे कोतवालांनी अचूक हेरलं होतं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या हल्ल्याचा पल्ला एका रात्रीच्या चालीएवढा होता; युक्ती मात्र आजचीच.

आता तर चालून जायचीही गरज उरलेली नाही. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. पुढे राज्य सरकारनं सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. वाद मिटला नाही.

भोर-वेल्ह्याचा या सगळ्याशी संबंध वायरमनपुरताच असता तर बरं झालं असतं. पण या दोन तालुक्यांत भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणं बसली आहेत. भाटघरच्या पायथ्याचं वीजकेंद्र 16 मेगावॉटचं, पानशेत आणि वरसगावची 8-8 मेगावॉटची. कोयनेच्या 1960 मेगावॉटपुढे हे किरकोळच, आणि राज्याची मागणी तर 25 हजार मेगावॉटच्याही वर जाते. माझ्या मते तरी ही केंद्रं दुर्लक्षून चालणार नाहीत. कोळशाच्या केंद्राला बंद पडल्यावर परत सुरू व्हायला बाहेरून भरपूर वीज लागते; पाण्यावरचं केंद्र थोडक्या विजेवर उठतं. सगळं जाळं काळोखात गेलं तर ते परत जिवंत करण्याची सुरुवात जलविद्युतपासूनच होते. मात्र आपल्याकडे पायथ्याची ही केंद्रं सिंचनाचं आवर्तन सुटेल तेव्हा चालतात.

धोका खरा आहे तो पाण्याचा. वेळवंडीवरचं भाटघर जवळजवळ शंभर वर्षांचं, 23 टीएमसीहून मोठं. त्याच्या जिवावर नीरेचे दोन्ही कालवे पुरंदर-बारामतीपासून फलटण-माळशिरसपर्यंत ऊस पिकवतात. धरण गेलं म्हणजे काय होतं हे वेल्ह्याला आणि पुण्याला शिकवावं लागत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं त्याच दिवशी खडकवासलाही गेलं, पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि शहराचं नळाचं पाणी तुटलं. शत्रू कुणीच नव्हता. अर्धवट काम, भरून आलेला पाऊस आणि जवानांनी रचलेल्या वाळूच्या गोण्या, एवढंच. पानशेत पुन्हा बांधून व्हायला दशक गेलं.

ब्रिटिश विमानांनी मे 1943 मध्ये जर्मनीची मोहने आणि एडर ही धरणं फोडली होती. त्या अनुभवातून 1977 च्या जिनिव्हा पूरक करारात कलम 56 आलं: धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं फोडून नागरिकांवर संकट लोटता येणार नाही. त्यालाही अपवाद ठेवलेले आहेत, आणि 6 जून 2023 ला युक्रेनचं काखोव्हका धरण फुटून खालची गावं बुडायची ती बुडालीच. मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं वीजव्यवस्थेवरच्या हल्ल्यांबद्दल दोन रशियन सेनाधिकाऱ्यांवर अटक वॉरंट काढलं. रशिया ते न्यायालय मानत नाही.

भारत आणि पाकिस्तान दोघांनीही त्या पूरक करारावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. दोघांमध्ये एक वेगळा करार मात्र आहे: 31 डिसेंबर 1988 चा, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा. संबंध कितीही बिघडलेले असोत, 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. त्या करारात तारापूर येतं. कोयना, पानशेत, भाटघर नाहीत. पलीकडची तरबेला, मंगलाही नाहीत. धरणांसाठी असाच दुसरा कागद करायला दोन्ही सरकारांना कुणी अडवलेलं नाही, आणि तो करावा अशी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत मांडायला हवी.